लहानमोठ्या दोन याद्या नावांवरून एकत्र करताना

वाचनालयाची सभासद यादी एकाने तयार केलेली असते, दिवाळी अंक योजनेची वर्गणी दुसऱ्याने टिपून घेतलेली असते, आणि अंक येऊ लागण्याच्या सुमारास कोणाला तरी या दोन्ही याद्या एकत्र करून देवघेव विभागाच्या टेबलावर ठेवाव्या लागतात. हे काम मी अनेक वर्षे केले आहे. त्यातली अडचण सूत्रांची नसते, नावांची असते. येथे सांगितलेली रीत लग्नाच्या आमंत्रणांची यादी, शाळेतील गुणांची यादी किंवा सोसायटीतील मेंटेनन्सची यादी यांनाही लागू पडते. पण उदाहरण मात्र मी वाचनालयाचेच घेतो, कारण त्यातल्या चुका मी जवळून पाहिल्या आहेत.

समजा, ‘सभासद’ नावाच्या शीटमध्ये ४१२ नावे आहेत. त्यात ए रकान्यात सभासद क्रमांक, बी मध्ये नाव आणि सी मध्ये भ्रमणध्वनी क्रमांक आहे. ‘वर्गणी’ नावाच्या दुसऱ्या शीटमध्ये १३७ नोंदी आहेत. तेथे ए मध्ये नाव, बी मध्ये रक्कम आणि सी मध्ये तारीख आहे, पण सभासद क्रमांक नाही. प्रत्येक सभासदापुढे त्याने भरलेली रक्कम यावी, एवढेच आपल्याला हवे आहे. पुढील सूत्रांत फंक्शनांची आणि रकान्यांची नावे व अंक देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष सेलमध्ये ते इंग्रजी अक्षरांत व इंग्रजी अंकांतच टाइप करावे लागतात. शीटचे नाव सूत्रात हाताने टाइप करण्यापेक्षा माउसने त्या शीटवर जाऊन क्षेत्र निवडावे, म्हणजे लागणारी अवतरणचिन्हे संगणक स्वतःच घालतो.

काम सुरू करण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत करून ठेवावी आणि दोन्ही शीटमध्ये एका मोकळ्या रकान्यात १ पासून अनुक्रमांक घालावेत, म्हणजे पुढे कशीही क्रमवारी लावली तरी मूळ क्रम परत मिळवता येतो. क्रमवारी लावताना एकच रकाना निवडला गेला आणि संगणकाने विचारलेल्या प्रश्नाला घाईत चुकीचे उत्तर दिले गेले, तर नावे हलतात, रकमा मात्र जागच्या जागी राहतात. अशी फाइल एकदा जतन झाली की कोणाची रक्कम कोणती हे पावतीपुस्तक उघडून एकेक ओळ ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा निर्णय घ्यायचा, तो म्हणजे शोध कोणत्या यादीतून कोणत्या यादीत घ्यायचा. बहुतेक जण मोठ्या यादीत उभे राहून लहान यादीत शोधतात, कारण शेवटी उत्तर मोठ्या यादीतच हवे असते. ही दिशा मला धोक्याची वाटते. ४१२ पैकी पावणेतीनशेहून अधिक सभासदांनी योजनेत भागच घेतलेला नसतो. त्यामुळे त्यांच्यापुढे ‘सापडले नाही’ असे येणे बरोबरच असते. परंतु ज्याने पैसे भरले आहेत आणि केवळ नाव वेगळे लिहिले गेल्यामुळे जो जुळला नाही, त्याच्यापुढेही तेच शब्द येतात आणि तो त्या गर्दीत दिसेनासा होतो. एका वर्षी आमच्याकडे नेमके हेच झाले. पावती हातात घेऊन आलेल्या एका वृद्ध वाचकांना टेबलावरच्या स्वयंसेवकाने यादी पाहून ‘तुमची वर्गणी आलेली नाही’ असे सांगितले. यादी मी केली होती. त्यांनी पावती दाखवली, अंक मिळाला, पण चारचौघांत ऐकावे लागलेले ते वाक्य काही परत घेता आले नाही.

म्हणून शोध नेहमी लहान यादीतून घ्यावा. वर्गणीच्या प्रत्येक नोंदीमागे एक खरी व्यक्ती आणि खरे पैसे आहेत, म्हणजे तेथे न जुळलेली प्रत्येक ओळ ही सोडवायचीच ओळ आहे. पहिल्या टप्प्यात वर्गणीच्या शीटमध्ये प्रत्येक नावापुढे सभासद क्रमांक आणायचा. सर्व १३७ ओळींचा निकाल लागल्यावर दुसऱ्या टप्प्यात त्या क्रमांकाच्या आधारे रक्कम सभासद यादीत न्यायची. नावांचा संबंध पहिल्या टप्प्यातच संपतो, आणि दुसरा टप्पा केवळ क्रमांकांचा असल्यामुळे तो चुकत नाही.

नावे आहेत तशी जुळवून पाहिली तर निम्मीही जुळत नाहीत, असा अनुभव येतो. त्याची कारणे डोळ्यांना दिसत नाहीत. नावाच्या शेवटी एक मोकळी जागा राहिलेली असते, मध्ये दोन जागा पडलेल्या असतात, किंवा एखाद्या संकेतस्थळावरून वा ईमेलमधून नकलून आणलेल्या नावात साध्या जागेऐवजी १६० क्रमांकाची न तुटणारी जागा असते, जी ट्रिम या फंक्शनने जात नाही. म्हणून मूळ नावाला हात न लावता बाजूच्या रकान्यांत त्याची स्वच्छ प्रत तयार करावी. वर्गणीच्या शीटमध्ये एच रकान्यात पहिली पायरी अशी लिहावी:

=ट्रिम(सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(ए२,यूनिचार(१६०)," "),"."," "))

यात न तुटणाऱ्या जागेची साधी जागा होते, टिंबांच्या जागी मोकळी जागा येते आणि अखेरीस अनावश्यक जागा निघून जातात. टिंबे काढल्यामुळे ‘डॉ.देशपांडे’ आणि ‘डॉ. देशपांडे’ हे एकाच रूपात येतात. सभासदांच्या शीटमध्येही हीच सूत्रे त्याच रकान्यांत लिहायची असतात; तेथे फक्त ए२ ऐवजी बी२ घ्यावे, कारण नाव बी मध्ये आहे.

देवनागरीतील नावांना यापुढे आणखी एक पायरी लागते आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा ऱ काही कळफलकांवर ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून उमटतो, तर काहींवर साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन उमटतो. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही नावे अगदी सारखी दिसतात. पण लेन या फंक्शनने लांबी मोजली तर एका ‘कऱ्हाडे’ची लांबी ७ येते आणि दुसऱ्याची ८. गोऱ्हे, बऱ्हाटे या आडनावांची हीच गोष्ट. ‘ॲडव्होकेट’चा संक्षेप लिहिताना येणारा ‘ॲ’सुद्धा असाच दोन प्रकारे साठवला जातो, एकदा स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एकदा ‘अ’, अदृश्य जोडचिन्ह व चंद्र यांची जुळणी म्हणून. दोन नावे डोळ्यांना एक दिसत असूनही जुळत नसतील, तर दोन्हींची लांबी मोजून पाहावी. बहुतेक वेळा कारण तेथेच सापडते. (ल आणि श यांची मराठी व हिंदी वळणे मात्र फॉन्टवर अवलंबून असतात, संगणकाच्या लेखी ती अक्षरे एकच असल्यामुळे त्यांची काळजी करण्याचे कारण नाही.) यावर उपाय म्हणून आय रकान्यात दुसरी पायरी लिहावी:

=सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(एच२,यूनिचार(८२०५),""),"ऱ","र"),"ॲ","अॅ")

यूनिचार(८२०५) म्हणजे ते अदृश्य जोडचिन्ह. या सूत्रानंतर कऱ्हाडे हे नाव ‘कर्हाडे’ असे दिसू लागेल. ते शुद्ध नाही आणि छापायचेही नाही. हा रकाना फक्त जुळणीसाठी आहे, छापील यादीत मूळ नावच जाईल.

एखादी जुनी यादी युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर तिच्यात दिसणारी मराठी अक्षरे आतून इंग्रजी अक्षरेच असतात. फॉन्ट बदलून पाहताच ते कळते. अशी यादी आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून नजरेखालून घालावी, कारण परिवर्तनात जोडाक्षरे बिघडतात. एक यादी देवनागरीत आणि दुसरी रोमन लिपीत असेल, तर नावांवरून जुळवण्याच्या भानगडीत न पडता भ्रमणध्वनी क्रमांकावरून जुळवावे, मात्र एकाच घरातील तिघांनी एकच क्रमांक दिलेला असू शकतो हे ध्यानात ठेवावे.

पुढची पायरी नावामागच्या उपाधींची. येथे शोधा-आणि-बदला ही सोय वापरण्याचा मोह होतो आणि तेथेच नावे बिघडतात. ‘श्री’ सरसकट काढून टाकले की श्रीकांतचा ‘कांत’ होतो आणि श्रीनिवासचा ‘निवास’. ‘सौ’ काढले की सौरभचा ‘रभ’ होतो, ‘कै’ काढले की कैलासचा ‘लास’. ‘श्री’ आणि पुढची मोकळी जागा असे एकत्र काढावे म्हटले, तर जयश्री पाटील यांचे नाव ‘जयपाटील’ होते. म्हणून उपाधी फक्त नावाच्या आरंभी असेल तरच काढली जावी, असे सूत्र लिहावे लागते. जे रकान्यात:

=इफ(लेफ्ट(आय२,५)="श्री ",मिड(आय२,६,१००),आय२)

‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसत असले तरी संगणक श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे मोजतो. त्यात मोकळी जागा मिळवून ५ होतात. याच हिशेबाने ‘सौ’, ‘डॉ’ आणि ‘कै’ यांच्यासाठी मोकळ्या जागेसह ३ आणि ‘श्रीमती’साठी ८ चिन्हे धरावीत आणि एकेका उपाधीसाठी पुढच्या रकान्यात असेच सूत्र लिहीत जावे. सगळ्या उपाधी एकाच लांबलचक सूत्रात कोंबण्यापेक्षा पायऱ्या वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या, कारण निकाल चुकला तर नेमक्या कोणत्या पायरीवर चुकला हे नजरेने दिसते.

नावाचा क्रम हा शेवटचा मोठा अडथळा. सभासद नोंदवहीत ‘पाटील जयश्री सुनील’ असे आडनाव आधी लिहिण्याची पद्धत असते, पावती फाडणारा मात्र ‘जयश्री सुनील पाटील’ असे बोलण्यातल्या क्रमाने लिहितो. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत नावातील शब्द सुटे करून, त्यांची क्रमवारी लावून पुन्हा जोडता येतात, म्हणजे क्रम कोणताही असला तरी किल्ली, म्हणजे ज्यावरून जुळणी करायची तो मजकूर, एकच तयार होते. ही किल्ली दोन्ही शीटमध्ये डी रकान्यात करावी:

=टेक्स्टजॉइन(" ",ट्रू,सॉर्ट(टेक्स्टस्प्लिट(जे२,," ")))

येथे जे२ च्या जागी उपाधी काढण्याची शेवटची पायरी ज्या रकान्यात असेल तो रकाना घ्यावा. गुगल शीट्समध्ये टेक्स्टस्प्लिटऐवजी स्प्लिट वापरून त्याला ट्रान्सपोजमध्ये ठेवावे लागते. जुन्या एक्सेलमध्ये हे नसले तर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ने नावाचे तीन तुकडे करावेत आणि दोन्ही याद्यांत ते एकाच क्रमाने जोडावेत.

या सोयीची एक किंमत आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. त्यामुळे सुनील अनिल जोशी हे वडील आणि अनिल सुनील जोशी हा त्यांचा मुलगा, असे दोघेही सभासद असू शकतात आणि शब्दांची क्रमवारी लावल्यावर दोघांची किल्ली एकच होते. शोधणारे फंक्शन अशा वेळी कुरकुर करत नाही. ते पहिला सापडलेला क्रमांक निमूटपणे देऊन मोकळे होते. म्हणून शोध घेण्याआधी, किल्ली सभासद यादीत किती वेळा आली आहे, हे मोजून घेणे मी अत्यावश्यक मानतो. वर्गणीच्या शीटमध्ये एफ रकान्यात:

=काउंटइफ(सभासद!$डी$२:$डी$४१३,डी२)

उत्तर १ आले तर जुळणी विश्वासार्ह. ० आले तर नाव सापडलेले नाही. २ किंवा अधिक आले तर एका नावाच्या अनेक व्यक्ती आहेत आणि निर्णय माणसाने घ्यायचा आहे. न सापडलेल्या नावापेक्षा चुकीच्या माणसाशी जुळलेले नाव अधिक घातक असते, कारण न सापडलेले निदान दिसते तरी.

मग ई रकान्यात सभासद क्रमांक आणावा:

=इफ(एफ२=१,एक्सलुकअप(डी२,सभासद!$डी$२:$डी$४१३,सभासद!$ए$२:$ए$४१३),"तपासा")

एक्सलुकअप हे फंक्शन मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि एक्सेल २०२१ पासून पुढे आहे. गुगल शीट्समध्ये ते २०२२ मध्ये आले आणि लिब्रेऑफिसमध्ये २४.८ या आवृत्तीत. एक्सेल २०१६ किंवा २०१९ वापरणाऱ्यांनी त्याऐवजी इंडेक्स आणि मॅच यांची जोडी घ्यावी:

=इफ(एफ२=१,इंडेक्स(सभासद!$ए$२:$ए$४१३,मॅच(डी२,सभासद!$डी$२:$डी$४१३,०)),"तपासा")

डॉलरची चिन्हे गाळू नयेत. ती गाळली तर सूत्र खाली ओढताना शोधाचे क्षेत्रही एकेक ओळ खाली सरकत जाते आणि यादीच्या आरंभीची नावे सापडेनाशी होतात. मॅचमधील शेवटचे शून्य तर मुळीच विसरू नये. ते नसेल तर संगणक यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे धरून जवळपासचे उत्तर शोधतो आणि क्रम नसलेल्या यादीत भलत्याच सभासदाचा क्रमांक देतो. व्हीलुकअप वापरणाऱ्यांना हाच धोका चौथा भाग गाळल्यास असतो. व्हीलुकअप मी येथे घेतलेले नाही, कारण ते निवडलेल्या क्षेत्राच्या पहिल्या रकान्यात शोधून उजवीकडचे उत्तर देते, आणि आपला सभासद क्रमांक तर किल्लीच्या डावीकडे आहे.

आता ई रकान्यावर फिल्टर लावून ‘तपासा’ एवढ्याच ओळी समोर घ्याव्यात. दीडशेच्या आतल्या यादीत अशा पंधरा-वीस ओळी उरल्या तर काम चांगले झाले असे समजावे. यातल्या बऱ्याचशा शुद्धलेखनाच्या असतात: सुनीता आणि सुनिता, दीपक आणि दिपक, शिंदे आणि शिन्दे, कुलकर्णी आणि कुळकर्णी. काही ओळींत मधले नाव गाळलेले असते. काहींत सभासदत्व माहेरच्या नावाने असते आणि पावती सासरच्या नावाने फाडलेली असते. काहींत सभासद पत्नी असते आणि पावती पतीच्या नावाची. आणि क्वचित एखादी पावती अजूनही दिवंगत सभासदाच्या नावाने फाडली जाते, कारण घरच्यांना ते नाव यादीतून काढवत नाही. यातले काहीही सूत्राने सोडवता येत नाही.

अंदाजे जुळणी करण्याची सोय एक्सेलच्या पॉवर क्वेरीत, म्हणजे याद्या आणून जोडण्याच्या साधनात, आहे, हे मला ठाऊक आहे. वस्तूंच्या किंवा गावांच्या यादीला ती उपयोगी पडेलही, पण जेथे माणसांची नावे आणि पैसे आहेत तेथे ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुनील आणि सुशील यांच्यात एकाच अक्षराचा फरक आहे, आणि ते दोन भाऊ असू शकतात. पॉवर क्वेरीचा वेगळा उपयोग मात्र जरूर करावा: मर्ज करताना लेफ्ट अँटी हा प्रकार निवडला की न जुळलेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या निघतात, आणि दर महिन्याला हेच काम करायचे असेल तर पुन्हा सूत्रे लिहावी लागत नाहीत.

उरलेल्या ओळींसाठी आडनावावरून सभासद यादी गाळून पाहावी, पावतीवरची तारीख आणि पत्ता पाहावा, ग्रंथपालांना विचारावे आणि तरीही शंका राहिली तर फोन करावा. मधले नाव नसलेल्या दोन ‘सुनीता पाटील’ असतील, तर अंदाज बांधण्यापेक्षा दोघींना विचारलेले बरे. सापडलेला क्रमांक ई रकान्यात सूत्राच्या जागी हाताने टाइप करून त्या सेलला वेगळा रंग द्यावा, म्हणजे यंत्राने जुळवलेले कोणते आणि माणसाने जुळवलेले कोणते हे नंतरही कळते. याचबरोबर ‘जोडतक्ता’ नावाची एक छोटी शीट करावी आणि तिच्यात वर्गणीत लिहिलेले नाव व त्याचा सभासद क्रमांक अशा दोन रकान्यांत या ओळी जपून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी तोच स्वयंसेवक तेच नाव त्याच पद्धतीने लिहितो. तेव्हा आधी जोडतक्त्यात शोधले की यंदाचे निम्मे कष्ट वाचतात. जे सभासदच नाहीत, पण योजनेत आहेत, त्यांच्यापुढे ‘बाहेरील’ असा शब्द लिहावा. एकही ‘तपासा’ उरलेले असेल तोवर पुढे जाऊ नये.

दुसरा टप्पा आता एका सूत्राचा आहे. सभासदांच्या शीटमध्ये ई रकान्यात:

=समइफ(वर्गणी!$ई$२:$ई$१३८,ए२,वर्गणी!$बी$२:$बी$१३८)

येथे पुन्हा शोधणारे फंक्शन न घेता बेरीज करणारे घेतले आहे, कारण काही सभासद वर्गणी दोन हप्त्यांत भरतात आणि शोधणारे फंक्शन पहिला हप्ता घेऊन थांबते. ज्यांच्यापुढे शून्य येईल त्यांनी या योजनेत खरोखरच पैसे भरलेले नाहीत, हे आता खात्रीने म्हणता येते.

छापण्यापूर्वी रकमांचा मेळ घालावा. समजा, वर्गणीच्या शीटमधील एकूण बेरीज ४०,२५० रुपये आहे आणि त्यात बाहेरील तिघांचे ९०० रुपये आहेत, तर सभासद यादीतील बेरीज ३९,३५० रुपयेच आली पाहिजे. कमी आली तर एखादा क्रमांक हाताने टाइप करताना चुकला आहे आणि सभासद यादीत नसलेला क्रमांक पडला आहे. जास्त आली तर सभासद यादीत एखादा क्रमांक दोनदा आला आहे आणि तीच रक्कम दोन ठिकाणी मोजली गेली आहे. एका सभासदाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले असतील तर बेरीज मात्र बरोबरच येईल. म्हणून हाताने भरलेल्या रंगीत ओळी दुसऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्याव्यात: एकाने पावतीपुस्तकातले नाव वाचावे आणि दुसऱ्याने नोंदवहीतले.

मेळ बसल्यावर ई रकाना निवडून, नकलून, पेस्ट स्पेशलमधील व्हॅल्यूज या पर्यायाने त्याच जागी चिकटवावा, म्हणजे सूत्रे जाऊन आकडे राहतात आणि उद्या कोणी वर्गणीची शीट पुसली तरी यादी बिघडत नाही. मदतीचे रकाने लपवावेत, पण फाइलमधून काढू नयेत. देवघेव विभागात ठेवायच्या छापील प्रतीवर सभासद क्रमांक, मूळ नाव आणि रक्कम एवढेच असावे. आम्ही पुढे पावतीपुस्तक नव्याने छापून घेताना नावाच्या ओळीवर सभासद क्रमांकासाठी एक चौकट ठेवून घेतली. तेव्हापासून ‘तपासा’ या शब्दापुढे ज्या दोन-चार ओळी राहतात त्या बहुतेक ती चौकट रिकामी राहिलेल्या पावत्यांच्या असतात, आणि त्यांच्यासाठी जोडतक्ता पुरतो.